जाहिरातीपुरतं एकत्र जेवण

उल्हास पाटणकरला फुटबॉलमधलं कळतं ते बरोबर दहा यार्डांपुरतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो. चेंडू दहा यार्ड पुढे सरकला की नाही हे मोजायला मैदानाच्या कडेला एक साखळी घेऊन माणसं उभी करावी लागतात, आणि जर्मनीत, हायडेलबर्गच्या क्लबात हे काम पालकांच्या गळ्यात मारतात. मुलगा कबीर बारा वर्षांचा असताना उल्हासने ती साखळी पहिल्यांदा हातात घेतली आणि पुढची सहा वर्षं सोडली नाही. वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारा हा गृहस्थ शनिवारी केशरी जाकीट चढवून, पंचाने हात केला की ढेरी सांभाळत धावत सुटायचा. साखळी ताणून धरायची आणि मान वर करून पोराकडे बघून घ्यायचं, एवढाच त्याचा खेळ.

पोरगा आता तीन वर्षं अमेरिकेत आहे. उल्हास अजून साखळी धरतोच. क्लबातल्या कोणीतरी एकदा 'हेर', म्हणजे श्रीयुत, अशी हाक मारून विचारलं, "हेर पाटणकर, आता कशाला?" तर हा म्हणाला, "मग शनिवारी काय करू?"

कबीर संघात लाथ मारणारा. बाकीचे साठ-सत्तर जण तासभर धुळीत लोळतात आणि मग हा स्वच्छ कपड्यांत येऊन दोन खांबांच्या मधून चेंडू उडवतो. नीलांबरीला, म्हणजे त्याच्या आईला, खेळातला तेवढाच भाग पसंत होता. त्या लाथेवर अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला बोलावून घेतलं. चार वर्षं शिकायचं, खेळायचं आणि डिग्री घेऊन यायचं, असा हिशेब घरात सगळ्यांनी मनात मांडला होता.

पण तिकडचे कायदेच बदलून बसले होते. पूर्वी कॉलेजचा खेळाडू म्हणजे बिनपगारी विद्यार्थी. आता त्याचं नाव आणि चेहरा जाहिरातीत विकता येतो, कॉलेजही पैसे देतं. पूर्वी कॉलेज बदललं की एक हंगाम बाकावर बसावं लागे. आता जानेवारीत 'पोर्टल' नावाचं दार उघडतं, आपलं नाव त्यात टाकायचं आणि जो जास्त देईल त्याच्याकडे जाऊन लगेच खेळायचं. उल्हासने जन्मभर कंपन्यांसाठी पोर्टलं बांधली, पण एका पोर्टलातून स्वतःचा मुलगा दर वर्षी तिसरीकडेच निघतो हे काही त्याच्या पचनी पडेना. पहिलं कॉलेज मक्याच्या शेतांत होतं, दुसरं समुद्राजवळ. या जानेवारीपासून तिसरं, डोंगरात. प्रत्येक वेळी मागच्या कॉलेजातले थोडे विषय पुढच्याने धरलेच नाहीत. तीन वर्षांनंतर डिग्री अजून अर्ध्यावर.

उल्हासच्या फोनवर तिन्ही गावांचं हवामान दिसतं. जुनी दोन त्याने काढली नाहीत. मक्याच्या गावात हिमवादळ आलं की अजूनही त्याचा हात कबीरला फोन लावायला जातो, आणि मग आठवतं की आपलं तिथे आता कोणी नाही. नीलांबरीने तर दिवाळीचा फराळ दुसऱ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवला. तो कस्टमात दोन महिने अडकला आणि पोचला तोवर कबीर डोंगरात गेलेला. त्याच्या जागी आलेल्या टेक्ससच्या मुलाने चकल्या संपवून आभाराची चिठ्ठी मात्र पाठवली. ती चिठ्ठी नीलांबरीने फ्रिजवर लावली आणि चार दिवसांनी काढून टाकली.

एक गोष्ट मात्र पाटणकरांच्या फायद्याची होती. कबीर तिकडे स्टुडंट व्हिसावर. त्या व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम करणं धोक्याचं, जे काय शूटिंग करायचं ते मायदेशी जाऊन करा, असा कॉलेजच्या वकिलाचा सल्ला होता. आणि जर्मन पासपोर्टवाल्या कबीरचा मायदेश म्हणजे हायडेलबर्ग. त्यामुळे दर मे महिन्यात तो पंधरा दिवस घरी यायचा. आईबापाच्या ओढीने यायचा की वकिलाच्या सल्ल्याने, हे उल्हासने स्वतःला कधी विचारलं नाही. येतोय ना, मग झालं.

या मे महिन्यात तर तो आला आणि पाहुण्यासारखा राहिला. दोन दिवस ड्युसेलडॉर्फला, सायकलच्या हेल्मेटच्या जाहिरातीसाठी. मग फ्रँकफर्टला कोणाच्या तरी पॉडकास्टवर. घरी असला की फोनवर. उल्हास मात्र एक गोष्ट विचारायला टपून बसला होता. विद्यापीठात हिवाळी सत्रासाठी अर्ज पंधरा जुलैपर्यंत घेतात. क्रीडाशास्त्राची सगळी माहिती त्याने छापून एका फाइलीत लावली होती. 'बस झालं, परत ये, इथे राहून डिग्री पुरी कर,' एवढंच म्हणायचं होतं. डिग्रीचं कारण खरंच होतं, पण ते पुढे करायला. खरं सांगायचं तर त्याला मुलगा घरात हवा होता. बाथरूम अडवून बसणारा, रात्रीची भाजी बघून तोंड वाकडं करणारा. हे असं तोंडावर म्हणायची पाटणकरांच्या घरात रीत नव्हती, म्हणून फाइल.

तेरा दिवस गेले. फाइल कपाटातून बाहेर आली नाही.

चौदाव्या दिवशी शूटिंग घरातच आलं. एका कंपनीने प्रोटीनवालं क्वार्क काढलं होतं. क्वार्क म्हणजे जर्मन लोकांचा चक्काच, आणि इथली तमाम मराठी घरं त्याचं श्रीखंड करतात. कबीरने कुठल्याशा मुलाखतीत आईच्या श्रीखंडाचं नाव घेतलं आणि कंपनीवाले हात धुवून मागे लागले. टेबल, आई, बाबा, श्रीखंड, पुऱ्या आणि मधोमध अमेरिका गाजवणारा आपला मुलगा. सकाळी नऊला सहा माणसं दिवे घेऊन दारात हजर. सगळ्यांनी न सांगता बूट काढले, तेवढ्यावर नीलांबरी खूश झाली.

"जेवायला बसा आणि काहीही बोला," दिग्दर्शक जर्मनमध्ये म्हणाला. "आवाज घेणार नाही आहोत, वर संगीत येणार. फक्त आनंदी दिसा."

पहिल्या वेळी उल्हास नुसताच बसला. दिग्दर्शक हसून म्हणाला, "हेर पाटणकर, तुम्ही फिनान्सआम्टमध्ये, टॅक्सच्या कचेरीत, नंबर लावून बसल्यासारखे दिसताय. नोख माल, पुन्हा एकदा."

दुसऱ्या वेळी उल्हासने हवामान काढलं, आणि बोलता बोलता सवयीने कबीरच्या ताटात चमचाभर श्रीखंड वाढलं. लगेच लेओनी नावाची मुलगी धावत आली. प्रत्येक ताटात किती काय आहे याचे फोटो काढून ठेवणं हे तिचं काम. "हे मघाशी एवढं नव्हतं," ती म्हणाली. ताट पुसलं, श्रीखंड पुन्हा मोजून घातलं, त्यात दहा मिनिटं गेली. तिसऱ्या वेळी उल्हासने पुरी वाढली. पुन्हा लेओनी.

"बाबा, बिटे, प्लीज, हात आवर ना," कबीर जर्मनमध्ये पुटपुटला. शाळेत जायला लागला तेव्हापासून त्याचं हेच. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये.

"अरे, रिकामं ताट बघून हात जातोच," उल्हास म्हणाला. ते खरं होतं. पण त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आपण चमचा वाढला की पोरगा आणखी दहा मिनिटं समोर बसतो. फोन लेओनीने काढून घेतलेला. कुठे जायचं नाही, कोणाचा निरोप नाही. तीन वर्षांत हा एवढा वेळ एका टेबलाशी बसला नव्हता.

चौथ्या वेळी त्याने मुद्दाम वाढलं.

नीलांबरीने टेबलाखालून पाय दाबला. "अहो, पुरे आता," ती हसऱ्या चेहऱ्याने, दातांतल्या दातांत म्हणाली. तेहतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची लबाडी तिला कळायला चमच्यापेक्षा जास्त लागत नव्हतं. पण पाय तिने लगेच काढून घेतला. तिलाही ते हवंच होतं.

पाचव्या वेळी दिवे लागले आणि उल्हास बोलला. आवाज जाणार नव्हता, समोरच्या सहांपैकी कोणाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, आणि कबीरला उठून जाता येत नव्हतं. जे तेरा दिवस जमलं नाही ते तो पुरीचा तुकडा मोडत, कॅमेऱ्याकडे न बघता बोलून गेला. "कबीर, परत ये रे. फार झालं तिकडचं. इथे युनिव्हर्सिटीत जुलैपर्यंत अर्ज घेतात, मी सगळी माहिती काढून ठेवलीये. डिग्रीचं निमित्त आहे नुसतं. मला करमत नाही तुझ्याशिवाय. आईलाही नाही करमत, ती बोलत नाही एवढंच."

कबीरचा हात ताटात थांबला. दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर, अगदी हेच हवंय! फक्त हेर पाटणकर, ती वाटी. नोख माल."

आता श्रीखंडाची वाटी कबीरच्या ताटात कधी ठेवली हे खरोखरच उल्हासला कळलं नव्हतं. लेओनीने सगळं पुन्हा जागच्या जागी केलं. त्यात आणखी दहा मिनिटं गेली. नीलांबरी पदराने कपाळ टिपत राहिली.

सहाव्या वेळी कबीर बोलला, आणि मराठीत बोलला. शाळेआधी बोलायचा तसं, शब्द शोधत, 'ळ' गिळत. या लोकांना समजू नये म्हणूनच बोलला असणार, पण उल्हास पुढे झुकला.

"बाबा, मी पुढच्या वर्षी नाही येणार," तो म्हणाला. "मे मध्ये पण नाही. नवीन कॉलेजचे वकील दुसरा व्हिसा करतायत. मग शूटिंग तिकडेच करता येतं. मला सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं. पण तू रोज इतका खुश दिसायचास."

"हसत राहा!" कॅमेऱ्यामागून हाक आली. "हेर पाटणकर, हसत राहा!"

आणि उल्हास हसत राहिला. इतक्या वर्षांनी मुलगा मराठीत बोलला होता आणि नाही म्हणाला होता. दोन्ही हात मांडीवर दाबून, तोंडभर हसत त्याने विचारलं, "तू खुश आहेस ना रे तिकडे?"

कबीरने मान वर केली. तो काहीतरी म्हणायला लागला, आणि तेवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "डांके! झालं! हाच घेऊ!" टाळ्या वाजल्या. लेओनीने कबीरच्या हातात फोन ठेवला, निरोपांनी फोन थरथरतच होता, आणि कबीर उठून बाल्कनीत गेला. नीलांबरीने सहाही जणांना बसवून पोटभर वाढलं. आता कोणीही मोजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रँकफर्टच्या विमानतळावर उल्हासला तो प्रश्न पुन्हा विचारता आला असता. त्याने विचारलं, "चार्जर घेतलास ना?" कबीर जर्मनमध्ये म्हणाला, "हो, बाबा, घेतला." मग त्याने बापाला घट्ट मिठी मारली, नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ. पंधरा जुलै आली आणि गेली. फोनवर अजून बोलणं होतं, दर रविवारी. जेवलास का, थंडी पडली का, सामना कधी. त्या एका प्रश्नाशी आलं की उल्हासची जीभ अडते. जे बोलायचं धाडस आयुष्यात एकदा झालं ते आवाज बंद होता म्हणून झालं, हे तो जाणून आहे.

सप्टेंबरात जाहिरात आली. कबीरच्या सामन्यांचे तुकडे फोनवर बघायला गेलं की आधी तीच लागते. वाल्डॉर्फच्या ऑफिसात लोक म्हणतात, "उल्हास, काय मस्त हसलायस!" पाच सेकंदांनी ती पुढे ढकलायचं बटण येतं आणि सगळं जग ते दाबतं. उल्हास दाबत नाही. तो फोन डोळ्यांजवळ धरतो. पुढच्या वर्षी नाही येणार, हे ओठांवर वाचता येतं. स्वतःचा प्रश्नही वाचता येतो. मग कबीर मान वर करतो, बापाकडे बघतो, उत्तर द्यायला तोंड उघडतो, आणि त्याच्या तोंडावर क्वार्कचा डबा येतो.