डब्यात आयर्न नव्हतं

साळवींनी बर्फ भरलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आयर्नच आहे असं समजा, मॅडम."

मी झाकण उघडलं. आत छोट्या काचेच्या बाटल्या. लेबलं खरवडून काढलेली, पण एकीवर अर्धं राहिलं होतं. तेवढं पुरेसं होतं. शिकत असताना मी डायलिसिस वॉर्डात काम केलं आहे. हे औषध तिथे रोज हातात यायचं.

"हे ईपीओ आहे," मी म्हटलं.

"बघा, तुम्ही लगेच ओळखलंत," साळवी हसले. "म्हणूनच तुमच्याकडे आणलं."

मी स्पोर्ट्स मेडिसिनची डॉक्टर. वसईत माझं क्लिनिक आहे. तेव्हा मी एका प्रोफेशनल सायकलिंग टीमची डॉक्टर होते. टीमच्या मालकाचा गोदामांचा धंदा, त्यामुळे टीमचा कॅम्पही वसईजवळ कामणच्या एका गोदामात. खाली सायकली आणि ट्रेनिंगचे रोलर, वर पोटमाळ्यावर ऑफिस, माझं टेबलही तिथेच. साळवी टीमचे मॅनेजर. टीम जिंकली तर त्यांची नोकरी राहणार, हे त्यांनी मला कधीच लपवलं नव्हतं.

ईपीओ म्हणजे काय ते सांगते. रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. ईपीओ शरीराला सांगतं, लाल पेशी आणखी बनव. किडनी बिघडलेल्या पेशंटला त्याची गरज असते, कारण त्याचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. धडधाकट सायकलपटूला दिलं तर त्याचे पाय उशिरा थकतात. पण रक्त दाट होतं. त्यात घामाने पाणी कमी झालं की आणखी दाट. मग गाठ कुठे अडकेल, मेंदूत की हृदयात, ते कोणी सांगू शकत नाही.

"कोणासाठी आणलंय?" मी विचारलं.

"आधी जॉयस. मग बाकीचे."

जॉयस पाचूबंदरची. आई जेट्टीवर मासळीच्या लिलावात बसते, भाऊ बोटीवर असतो. आमची सगळ्यात चांगली रायडर तीच. त्या आठवड्यात तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि हिमोग्लोबिन खाली गेलं होतं. मी तिला आयर्नच्या गोळ्या दिल्या होत्या आणि ट्रेनिंग निम्म्यावर आणायला सांगितलं होतं.

"गोळ्यांनी फरक पडेपर्यंत नॅशनल्स उरकतील," साळवी म्हणाले. "तिला आयर्नचं इंजेक्शन म्हणून सांगा आणि द्या. माहीतच नसेल तर तिचं मनही स्वच्छ राहील."

माझं डोकं तापलं ते इथे. औषधाने नव्हे, या 'स्वच्छ मना'ने. डोपिंगचा नियम सरळ आहे. शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडू. 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सहसा कोणी सुटत नाही. सापडली असती तर बंदी जॉयसवर आली असती, आणि साळवी दुसरी जॉयस शोधायला मोकळे.

"मी देणार नाही."

"मॅडम, सगळ्या टीम्स देतात. तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस?"

"डॉक्टर आहे, म्हणूनच देणार नाही."

"ठीक आहे. दुसरा डॉक्टर देईल."

ते खरं होतं. मी नाही म्हणून बॅग उचलली असती, तर संध्याकाळपर्यंत दुसरं कोणीतरी जॉयसला 'आयर्न' टोचून गेलं असतं. मी डबा उचलला आणि जिना उतरायला लागले.

"तो डबा टीमचा आहे!" साळवी मागून ओरडले.

"मग त्यावर टीमचं नाव घाला."

खाली जॉयस, सतीश आणि बाकीचे रायडर रोलरवर होते. मी सगळ्यांना थांबवलं. डबा सायकल दुरुस्तीच्या बाकावर उघडून ठेवला आणि आत काय आहे, ते काय करतं आणि कोणासाठी आणलं आहे, सगळं सांगितलं. साळवी जिन्यात उभे होते. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

जॉयस सायकलवरून उतरली. "म्हणजे मला न सांगता देनार होते?"

"हो."

"कोन?"

मी जिन्याकडे पाहिलं. ती सरळ साळवींसमोर जाऊन उभी राहिली. "सर, मी हरले तर माझ्या पायांनी हरेन. तुमच्या सुईनं जिंकनार नाय."

सगळे तिच्यासारखे नव्हते. सतीश टीममधला सगळ्यात जुना रायडर, माझा आवडता. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिचं वय आहे. माझा हा शेवटचा सीझन. जी पोरं दोन वर्षांपूर्वी चढावर माझ्या मागे असायची, ती आता पुढे जाऊन दिसेनाशी होतात. ती काय भात खाऊन जातात? मला माहीत असून, माझ्या मर्जीने घ्यायचंय. मग काय हरकत आहे?"

हा प्रश्न साळवींच्या प्रश्नापेक्षा अवघड होता.

"ती पोरं काय घेतात ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण तू घेतलंस की जॉयसने न घेण्याला अर्थ उरत नाही. मग तिलाही घ्यावं लागेल. आणि तिच्यानंतरच्या प्रत्येकाला. तुझी मर्जी तुझ्यापुरती राहत नाही, सतीश."

"आणि मी बाहेरून घेतलं तर?"

"तर मी रिपोर्ट करीन. तुझ्या तोंडावर सांगतेय."

तो पुन्हा रोलरवर चढला.

"उद्यापासून तुम्ही टीमच्या डॉक्टर नाही," साळवी म्हणाले.

"मग मी पन टीमची नाय," जॉयस म्हणाली. तिने हेल्मेट काढलं, टीमची सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

मी डब्याचे फोटो आणि एक बाटली डोपिंगविरोधी संस्थेकडे पाठवली. त्यांचे लोक कॅम्पवर सॅम्पल घ्यायला गेले. सगळे क्लीन निघाले, सतीशसुद्धा. साळवींची चौकशी अजून चालू आहे आणि ते दुसऱ्या एका टीमचे मॅनेजर आहेत. पुढच्या वर्षभरात दोन टीम्सनी मला बोलावून ऐनवेळी नको सांगितलं. सतीश तो सीझन खेळून रिटायर झाला. गुडघा दुखला की माझ्याच क्लिनिकला येतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

जॉयस नॅशनल्सला राज्याकडून उतरली, एका क्लबकडून मागून आणलेल्या सायकलवर. सहावी आली. फिनिश लाइनवर तिला डोप टेस्टसाठी उभं केलं, तेव्हा तिला धाप लागली होती तरी तिने बाही वर केली आणि म्हणाली, "घ्या. पाहिजे तेवढं रक्त घ्या."

त्या प्रकरणातून मी एवढंच शिकले: टीमचा डॉक्टर पगार टीमचा घेतो, पण पेशंट टीम नसते. हे पहिल्याच मीटिंगमध्ये बोलून घ्यावं. मी आता बोलते. बहुतेक वेळा दुसरी मीटिंग होत नाही.