सुधानं भरलेली ओटी

माझ्या नणंदेला मी आयुष्यात एकदाच खोटं बोलायला सांगितलं. ती बोलली नाही.

आज सुधाला जाऊन एक वर्ष झालं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिला कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम म्हणून ओळखता. मी ओळखते ती कोराडीच्या आमच्या क्वार्टरमधली, दोन वेण्या घालून सिटी बसच्या मागं धावणारी सुधा.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट असेल. तिच्या कॉलेजच्या सरांनी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप व्हिएतनामला न्यायचं ठरवलं. तिथली संस्कृती पाहायची, युद्ध झालं त्या जागा पाहायच्या. बारा जणांत सुधाचं नाव आलं.

सासूबाई म्हणाल्या, "तिथं लढाई हाय ना वं?"

"संपली आई. केव्हाच संपली."

"संपली तं पाहाले काहून जाऊन राहिली मंग?"

ह्यांनी पेपरात तोंड घातलं. पॉवर स्टेशनमध्ये मोठमोठी यंत्रं सांभाळणारा माणूस, पण आईसमोर आवाज निघायचा नाही.

शेवटी मीच म्हटलं, जाऊ द्या, जबाबदारी माझी.

सासूबाईंनी मान हलवली. पण अट घातली.

"तुया भरवशावर धाडून राहिली मी. एक जरी वावगं झालं, तं कॉलेज बंद. उमरेडचं स्थळ हायेच."

उमरेडचं स्थळ म्हणजे हातमागवाल्या नात्यातलं घर. माणसं चांगली. पण लग्नानंतर शिकवू म्हणणारी नव्हती.

मी पिशवी भरली. सातूचं पीठ, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, देवाचा अंगारा.

आणि पाच खण, तांदूळ, सुपाऱ्या, हळदकुंकवाची डबी.

"ज्या घरी जेवशील, तिथल्या बाईची ओटी भरून ये. रिकाम्या हातानं कोणाच्या घरून निघू नये."

एवढंच सांगितलं. पुढचं सांगायची गरज वाटली नाही. विधवेची ओटी भरत नाहीत, हे काय कोणाला शिकवावं लागतं?

तीन आठवड्यांनी परत आली. काळवंडलेली, वाळलेली, पण डोळे असे की बघत राहावं.

माझ्यासोबत स्वयंपाकघरात बसून बोलतच सुटली. जमिनीखालची भुयारं, त्यात माणसं राहिली, मुलांच्या शाळा भरल्या. बॉम्बचे खड्डे, त्यात आता मासे पाळतात. पाण्यावर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या.

"आणि वहिनी, चटणी समजून एक वाटी तोंडाला लावली, तर माशाचं पाणी निघालं! आईला नको सांगू हं."

मी हसले. मग तिनं आवाज खाली आणला.

"वहिनी, एक चूक झाली."

एका गावात तिला न् दोन मैत्रिणींना एका म्हातारीनं जेवू घातलं होतं. भात, पालेभाजी, अंडं. निघताना सुधानं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. नंतर दुभाषी बाईनं सांगितलं, हिचा नवरा आणि दोन्ही मुलं युद्धात गेली.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"अगं, विचारायचं नाही का आधी?"

"कसं विचारू? तिथं कोणाच्याच कपाळावर कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. मी ओळखू कशी?"

देवावर माझी श्रद्धा आहे, रोज पोथी वाचते. तरी त्या दिवशी म्हणाले, "आईंना सवाष्ण होती म्हणून सांग. तुझं कॉलेज जाईल गं."

ती म्हणाली, "भिंतीवर तीन फोटो होते वहिनी. त्यातल्या एकाला मी जिवंत कसं करू?"

आणि उठून बाहेर गेली.

सासूबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. सासरे जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

सुधानं सगळं सांगितलं. मी दाराआड उभी, मनात रामरक्षा.

सूप थांबलं.

"मंग? पुसलं काय तिनं कुंकू?"

"नाही आई. आरशात पाहिलं अन् हसली. रस्त्यापर्यंत तशीच आली आमच्यासंगं."

"अन् तांदूळ?"

"फोटोंपुढं ठेवले. उदबत्ती लावली. पोरांशी बोलत होती. दुभाषी म्हणे, सांगून राहिली, बघा, दूरची पोरगी आपल्या घरी तांदूळ घेऊन आली."

सासूबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग म्हणाल्या, "इतक्या वर्सांत तिची ओटी भरली असंल काय वं कोणी?"

सुधानं त्यांच्या हातातलं सूप घेऊन खाली ठेवलं.

"सूनबाई!"

मी पदर सावरत बाहेर आले.

"उमरेडले चिठ्ठी लिही. म्हणा, पोरगी शिकून राहिली अजून."

घरातली सगळी पत्रं मीच लिहायची. इतकं सुवाच्य पत्र मी पुन्हा कधी लिहिलं नसेल.

नंतर सासूबाईच शेजारणींना व्हिएतनाम सांगायच्या. दर वेळी भुयार थोडं आणखी खोल व्हायचं. सुधा मला चिमटा काढायची, "वहिनी, आता पाणी लागेल हं."

तिनं एम.ए. केलं. तीस वर्षं शिकवलं. लग्न उशिरा केलं, पण मनासारखं केलं. दरवर्षी मुलींना कुठं ना कुठं सहलीला न्यायची आणि ज्यांच्या घरून परवानगी मिळत नसे, त्यांच्या आयांना भेटायला स्वतः जायची. परवानगी घेऊनच परतायची.

तिच्या तेराव्याला त्यातल्या कितीतरी जणी आल्या होत्या. मी वाढता वाढता थकले. बरं वाटलं.

सुधा, तू वयानं धाकटी. धाकट्यांना नमस्कार करायची आपल्यात रीत नाही.

आज मी करते.

सुखात राहा गं बाई.