मुशीच्या तेलाची कॅप्रिस

हुसेनमियाँ मुकादमांना राग यायला कारण लागत नाही, असं सौदीतल्या दम्मामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. कारण लागे, फक्त ते कुठलंही चाले. चहा कोमट आला, पाना जागेवर दिसला नाही, गिऱ्हाईकानं बॉनेट उघडण्याआधीच "काय झालंय?" असं विचारलं, की मियाँचे कान लाल व्हायचे. त्या दिवशीचं कारण मात्र अस्सल होतं. खोलीत त्यांच्यासोबत राहणारा नीलेश बूट काढता काढता सहज म्हणाला होता, "चाचा, भंगारात द्या ना ती गाडी. एका दिवसात काम खलास."

"भंगारात तुझा बाप गेला!" मियाँ गरजले. मग त्याच आवाजात म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं का रे त्याचं?"

"झालं. चालतात आता."

"मग त्याला दिलास का भंगारात? गुडघे गेले तेव्हा?"

नीलेश कराडकडचा. धाहरानला तेलकंपनीची बस चालवायचा आणि गेली सहा वर्षं मियाँचा राग खाऊन त्याची तब्येत छान सुधारली होती. तो हसला, पण पुन्हा भंगार हा शब्द काढला नाही.

अडचण खरीच होती. बत्तीस वर्षांनी हुसेनमियाँ कायमचे घरी निघाले होते. फायनल एक्झिटचा शिक्का पडायचा, तर माणसाच्या नावावर गाडी असून चालत नाही. मियाँच्या नावावर होती: पांढरी, पंचाण्णव सालची शेव्हरोले कॅप्रिस. बारा दिवसांत ती कुणाच्या तरी नावावर जायला हवी, नाहीतर तशलीहमध्ये. तशलीह म्हणजे शहराबाहेरचं ते मैदान, जिथे गाड्या सुट्या भागांसाठी कापतात. मियाँनी आयुष्यभर तिथून आरसे न् दिवे आणले होते. तिथे उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी आतड्यात हात घालतोय असं त्यांना वाटे.

मियाँ मूळचे बाणकोट खाडीकाठचे. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मच्छीमार लाँचांची इंजिनं दुरुस्त करायचे. इथे आले तेव्हा अबू सालेहच्या गॅरेजात त्यांच्यापुढे पहिलीच गाडी आली ती कॅप्रिस. बॉनेट उघडलं आणि मियाँ थक्क झाले. आठ सिलिंडर, आणि मध्ये एवढी जागा की दुरुस्ती करणारा माणूस आत उभा राहील! त्या काळी इथे पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ, कुटुंबं मोठी. पुढचं सीट अखंड बाकासारखं, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढेच तिघं बसायचे, मागे पोरं मोजायची पद्धत नव्हती. एसी असा, की ताईफला निघालेल्या गिऱ्हाइकाची आजी जूनमध्ये घोंगडी मागायची. शाळामास्तर, पोलीस, टॅक्सीवाले, नवरदेव, सगळे कॅप्रिसवाले. अरबी जिभेवर तिची 'काब्रिस' झाली होती, आणि जो तो आपल्या मुलीचं सांगावं तसं आपल्या काब्रिसचं सांगायचा.

या गाडीचा इतिहास मियाँना पाठ होता, आणि तोही ते रागातच सांगत. "ज्याच्या नावाची ही गाडी, तो शेव्हरोले स्वित्झर्लंडात जन्मलेला रेसवाला. अमेरिकेत गेला, एकोणीसशे अकरा साली भागीदारीत कंपनी काढली. आणि दोन-चार वर्षांत बिनसलं, हा बाहेर! नाव मात्र बॉनेटवर तसंच. शंभर वर्षं लोक त्याच्या नावानं गाड्या घेतायत आणि तो गेला हात हलवत!" इथे त्यांची नजर गॅरेजच्या पाटीकडे जाई. पाटीवर अबू सालेहचं नाव होतं. अबू सालेह त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक. माणूस देवमाणूस, पण त्याला पाना उलटा दिला तरी कळत नसे. गिऱ्हाइकं मात्र पाटी वाचून नव्हे, मियाँच्या शिव्या ऐकून गल्ली ओळखायची.

पुढे शहाण्णवला अमेरिकेत कॅप्रिस बनायची बंद झाली. तीन-एक वर्षांनी त्याच नावाची गाडी इथे आली ती थेट ऑस्ट्रेलियातून. चांगली होती बिचारी, मियाँनीच शेकडो दुरुस्त केल्या. पण पहिली आली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. "नाव तेच ठेवून मुलगीच दुसरी उभी केली," एवढंच म्हणाले. त्यानंतर काही वर्षांनी एका म्हाताऱ्या शाळामास्तरांनी आपली पंचाण्णवची गाडी त्यांच्या स्वाधीन केली, तेव्हापासून ती मियाँची.

तर, बारा दिवस. बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. हाइलहून एक गव्हाचा शेतकरी आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं, विहिरीवरच्या पंपाला लावायला. मियाँनी त्याला खजूर दिले, कहवा पाजला आणि मग सनाइयाच्या तोंडापर्यंत ओरडत पोचवला. रियाधच्या ओलायातल्या कुठल्याशा काचेच्या टॉवरातून एक इस्त्रीचा तरुण आला. तो अगदी अदबीनं म्हणाला की गाडीचा पुढचा अर्धा भाग कापून कॅफेचं काउंटर करायचं आहे. दिवे चालू राहतील, लोक फोटो काढतील. मियाँचा आवाज इतका चढला की शेजारच्या टायरवाल्यानं घाबरून शटर ओढलं.

"अर्धी!" खोलीवर आल्यावरही ते फणफणत होते. "अर्धी पुढची हवी म्हणे मेल्याला! मागची काय मी खांद्यावर घेऊन बाणकोटला नेऊ?"

घरून बायकोचा, शरफुन्निसाचा, फोन आला. "मिळालं का हो गिऱ्हाईक? तारीख पुढे ढकलू नका आता. बत्तीस वर्षं त्या गाड्यांनी खाल्ली."

"गाड्या माझ्या कुशीत झोपल्या नव्हत्या गो!"

"पण तुम्ही त्यांच्याखाली झोपत होतात ना!" असं म्हणून तिनं फोन ठेवला. मियाँ तिच्यावरही चिडले, पण तिचं खरं होतं म्हणून जरा हळू.

आठव्या दिवशी नबील आला. दम्माममधलाच, तिशीचा, शाळेत गणित शिकवणारा. त्यानं सलाम केला, गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या आरशापाशी थबकला आणि एकदम भडकला.

"हा आरसा कुणी लावला? हा त्र्याण्णवचा आहे! पंचाण्णवच्या गाडीला त्र्याण्णवचा आरसा? लाज नाही वाटत?"

सनाइयातली ठोकाठोक थांबली. हुसेनमियाँवर कुणी ओरडलेलं लोकांनी कधी पाहिलंच नव्हतं. मियाँचे कान लाल झाले आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्यांचा चेहरा उजळला.

"पंचाण्णवचा मिळत नाही रे!" ते तितक्याच जोरात ओरडले. "चार वर्षं शोधतोय!"

"माझ्याकडे आहे! वडिलांच्या गाडीचा!"

"मग इतकी वर्षं मेला होतास काय?"

पुढचा तासभर दोघं असेच एकमेकांवर ओरडत होते. नबीलच्या वडिलांची कॅप्रिस होती, त्यांच्यामागे चुलत्यांनी विकून टाकली, हाती आरसा तेवढा राहिला. ठरलं. नावावर करायची, तर आधी फहस, म्हणजे सरकारी तपासणी, पास हवी. मियाँनी छाती पुढे काढली. माझी गाडी नापास? इथे मियाँनी ती चूक केली, जी बाणकोटचा माणूसच करू जाणे.

त्यांच्या खाडीत होडी पाण्यात सोडायच्या आधी तिला खालून मुशीच्या तेलाचा हात देतात. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल लाकडाला प्यायला दिलं, की खारं पाणी शिरत नाही. दम्मामची हवाही खारी, गाड्या खालून गंजतात. कातीफच्या बंदरात मासेमारीच्या बोटीवर असलेल्या एका गाववाल्याकडून मियाँनी डबाभर तेल आणलं आणि शुक्रवारी सकाळी कॅप्रिस लिफ्टवर चढवून, फडक्यानं, कानाकोपरा न सोडता, तिला खालून तेल लावलं. नाक धरून बाजूला उभा राहिलेला नीलेश म्हणाला, "चाचा, आता नारळ पण वाढवा. आमच्याकडे आहे एक."

"हास! नबीलच्या घरी वीस वर्षं टिकली पाहिजे ती. मी नसणार बघायला."

दुसऱ्या दिवशी ते फहसच्या रांगेत उभे होते. उन्हानं तेल पातळ झालं. आधी एक मांजर आलं. मग तीन. गाडी आत जाईपर्यंत रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांनी काचा वर केल्या होत्या आणि कॅप्रिसच्या मागून नऊ मांजरं वऱ्हाडासारखी चालली होती.

खड्ड्यात उतरलेला तपासनीस पंचविशीचा, सौम्य पोरगा होता. तो वर आला तेव्हा त्याच्या टोपीवर तेलाचे थेंब होते.

"चाचा, इंजिनचं तेल गळतंय. गिअरचंही. स्टिअरिंगचंही. सगळीकडूनच गळतंय."

"गळत नाही! लावलंय!"

"लावलंय? का?"

आता होडी, मुशी, बाणकोट हे सगळं मियाँच्या सनाइयातल्या अरबीत कसं मावणार? त्यांनी हातांनी मासा पोहवून दाखवला. पोटावर हात ठेवून काळीज दाखवलं. मग हातांची होडी केली आणि ती बुडू नये म्हणून खालून तिला चोळून दाखवलं. पोरगा काळजीनं बघत राहिला.

"चाचा, तुम्हाला पाणी आणू का? ऊन फार आहे."

"तुझ्या जन्माआधीपासून मी या गाड्या उघडतोय! मला तेल गळणं शिकवतोस?"

"नाही शिकवत," तो हळूच म्हणाला. "पण खालून बघताना मला तुमचा हात दिसत नाही. तेलच दिसतं."

कागदावर लाल शिक्का बसला. मियाँ मांजरांसह परत आले.

त्या दिवशी मियाँ पहिल्यांदाच ओरडले नाहीत, आणि त्यामुळे अख्खा सनाइया हबकला. तपासनिसावर चिडावं, तर त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मियाँ असते, तर त्यांनीही नापासच केली असती आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या. राग आतल्या आत फिरत राहिला आणि शेवटी घरी परतला. "काय गाढव माणूस मी," ते नीलेशला म्हणाले. "तीन दिवस राहिले. आता नेऊ तिला तशलीहमध्ये माझ्याच हातानं."

"डिझेल कुठे ठेवलंय?" नीलेशनं विचारलं.

"काय?"

"धुवायचंय ना? का रडत बसणार? यल्ला, उठा."

मियाँनी त्याला एक सणसणीत शिवी दिली. नीलेशला बरं वाटलं. यंत्र चालू झालं होतं. दोघं गाडीखाली शिरले. डिझेलनं पुसायचं, साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचं, पुन्हा पुसायचं. थोड्या वेळानं नबील आला, त्यानं वास घेतला, "माझ्या गाडीला काय केलंत हे?" म्हणून यथास्थित ओरडला आणि पायघोळ थोब गुडघ्यापर्यंत खोचून तोही खाली शिरला. संध्याकाळच्या, मगरीबच्या अजानपर्यंत गाडी खालून अशी स्वच्छ झाली, की तिच्या कारखान्यातही कदाचित नसेल. सोमवारी त्याच पोरानं पुन्हा खड्ड्यात उतरून पाहिलं, वर आला आणि हिरवा शिक्का मारला. पोराला मियाँ काय म्हणाले ते कुणी नीट ऐकलं नाही, पण ती शिवी नव्हती.

उरलं ते फोनवर. मियाँच्या फोनवर सरकारी ॲप उघडलं, नबीलनं आपल्या बाजूनं मान्यता दिली, आता मियाँनी बटण दाबायचं होतं. नीलेश फोन धरून उभा.

"दाबा चाचा."

"हे एवढंसं? वीस वर्षांच्या सोबतीला हे एवढंसं बटण? कागद नाही, सही नाही, अंगठा नाही?"

"अंगठ्यानंच दाबा, हवं तर."

मियाँनी ते बटण इतक्या त्वेषानं दाबलं की नीलेशचा हात खाली गेला. गाडी नबीलची झाली.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. नबीलनं विमानतळावर सोडायचा हट्टच धरला. तो कॅप्रिस घेऊन आला तेव्हा मियाँ सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, तिथे नबीलला बसलेलं पाहून खजील झाले आणि लगेच चिडले. पुढे अबू सालेह बसला होता. तो मुद्दाम निरोपाला आला होता आणि त्याच्या आकाराला पुढचं बाकच लागे. मियाँ मागे बसले, नीलेशशेजारी.

"क्लच नाहीये, डावा पाय कशाला हलवतोस? हां, आता सोड. हळू! वळणावर ती जरा बाहेर जाते, जाऊ दे तिला, ओढू नकोस. तिला माहीत असतं."

हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी पाठ मागे टेकली. मागचं सीट सोफ्यासारखं खोल होतं. गार हवा अलगद तोंडावर येत होती. बाहेर वाळू पळत होती आणि आत पाण्याचा ग्लास ठेवला असता, तरी हलला नसता. वीस वर्षं ही गाडी त्यांची, आणि ते नेहमी पुढे नाहीतर खाली.

नीलेशनं हळूच पाहिलं. मियाँचे कान लाल झाले होते.

"काय झालं, चाचा?"

"इतकं सुख होतं मागे!" हुसेनमियाँ ओरडले, आणि नबीलनं दचकून आरशात पाहिलं. "बत्तीस वर्षं या गाड्यांत राबलो. एकानं, एकानंसुद्धा सांगितलं नाही मला!"