तात्यांची चप्पल

स्काउट-गाइडच्या शिबिरासाठी मी नेपाळला जाणार म्हटल्यावर आमचे तात्या, म्हणजे माझे वडील मोहनराव, भडकले. "डोंगरच चढायचा तर हितं कमी हायेत व्हय?" आमच्या कळंब गावात तात्यांचा आवाज चढला की बैलसुद्धा चरायचे थांबतात. तरी निघताना माझी सॅक त्यांनीच गाडीत ठेवली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

तिकडं आम्ही तंबू पाठीवर घेऊन आठवडाभर डोंगर चढलो. एकदा धुक्यात वाट चुकलो, एका रात्री तंबूत पाणी शिरलं. पण मला साधं खरचटलंही नाही. प्रथमोपचाराची पेटी जशी नेली तशी परत आणली.

घरी पोचले तर ऐन मे महिन्यात तात्या अंगणात अनवाणी उभे. टाचांना चिंध्या बांधलेल्या.

"चप्पल तुटली," मी विचारायच्या आधीच ते खेकसले.

"तुटली कसली!" आई म्हणाली. "तू गेलीस त्याच दिवशी नरसिंहपूरला जाऊन नवस बोललेत देवाला. पोर धड घरी येईस्तोवर पायात काय घालणार न्हाय म्हणून. तापल्या रानात उसाच्या बुडख्यांवरनं तसंच हिंडत होते."

मला रागही आला आणि हसूही. पेटी उघडली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि फोडांना मलम लावायला लागले. तात्या पाय मागं ओढत राहिले.

"पुढच्या साली जायचं असलं तर जा," शेवटी ते म्हणाले. "पण उन्हाळा सोडून."