मामांनी धरलेली शिडी

माझ्या मामांचं तोंड दुधाने कधी पोळलं नाही, तरी ते ताक फुंकूनच पितात. भाजीवाल्याने मूठभर मिरच्या फुकट दिल्या तर त्या किडक्या असणार, डॉक्टर हसून बोलला तर रोग गंभीर असणार, आणि मी सहज भेटायला गेले तर माझं काहीतरी काम असणार. हे शेवटचं बहुतेक वेळा खरं निघतं, म्हणून मला जास्त राग येतो.

मामा घरांच्या छपरांवर सौर पॅनल बसवतात. खाली शिडी ते स्वतः धरतात, परक्याच्या हाती देत नाहीत. वर चढतो त्यांचा मुलगा बारक्या. सहा फूट वाढला तरी बारक्याच. गेल्या वर्षी तो पडला आणि त्याचा खांदा निखळला, तेव्हा मामांनी सगळं खापर शिडी विकणाऱ्यावर फोडलं. बारक्या बरा झाला, पुन्हा चढू लागला. धंदा पुढे तोच चालवणार, हे ठरलेलंच होतं.

आणि एका संध्याकाळी, माझ्या देखत, त्याने सांगितलं की अंतराळात पॅनल सोडू पाहणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली आहे.

"आणि वीज काय बादलीने खाली आणणार?" मामा म्हणाले.

"रेडिओसारख्या लहरींनी पाठवणार. वर रात्र नसते, ढग नसतात."

"पॅनल वर नेणार कोण? बिघडलं तर दुरुस्तीला जाणार कोण?"

"तोच तर खर्च मोठा आहे, बाबा. शिवाय लहरी झेलायला खाली मैदानभर जाळी लागते. आज तरी छपरावरची वीज कितीतरी स्वस्त पडते."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे कळतं, तरी जातोस?"

बारक्या पान्यांची पेटी आवरू लागला. झालं, कुठेतरी पाणी मुरतंय याची मामांना खात्री पटली. त्यांनी मला कंपनीत हेरायला पाठवलं, आणि मीही गेले. तिथे ना पोरगी निघाली, ना फसवणूक. तळमजल्यावरची एक खोली, आणि वर नेण्याचा खर्च कसा उतरेल याचे हिशेब करणारी माणसं. तिथल्या बाई स्वतःच म्हणाल्या, परवडेलच असं नाही.

"कबूल करतात? मग तर अट्टल असणार," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्याच छपरावर काम होतं. मामांनी शिडी धरली. बारक्या दुसऱ्या पायरीवर गेला आणि थांबला. त्याने शिडीला मिठीच मारली.

"अंतराळात निघालास ना? चढ की."

"तिथे मला तळमजल्यावर बसायचंय, बाबा. पडल्यापासून वर जायची भीती वाटते."

"मग सांगायचं होतंस. मी परका आहे का?"

"शिडी तुम्ही धरली होती. दुसऱ्या कुणी धरली असती, तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो."

आता याची धडगत नाही, असं मला वाटलं. पण तो खाली उतरेपर्यंत मामांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"तू पडलास तेव्हा माझं लक्ष वर नव्हतं," ते म्हणाले. "घरमालक आपला पाना उचलतो की काय, ते बघत होतो."

"उचलला होता?" मी विचारलं.

"नाही. पाना पेटीतच होता."