साडूची पुस्तकं आणि मंडईचा नारळ

माझा साडू पुस्तकं वाचतो आणि त्याचा त्रास मला होतो.

एरवी प्रवीणला नाव ठेवण्यासारखं काही नाही. (मी बरंच शोधून पाहिलं आहे.) माझ्या बायकोच्या, मीनाच्या, धाकट्या बहिणीचा हा नवरा. बिरसीला राहतो, धानाची शेती बघतो, गोंदियात संगणकाचा क्लास घेतो आणि उरलेला सगळा वेळ वाचतो. बरं, माणसानं एका जातीचं काहीतरी वाचावं! याचं आज विज्ञानकथा, उद्या इतिहास, परवा प्रोग्रामिंग. त्याच्या छपरावरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं घरघरत जातात, पण याची मान वर होत नाही. माझं गोंदियात पंप-मोटारींचं दुकान आहे. वाचन म्हणाल तर मोटारीवर चिकटवलेली पट्टी, तीही गिऱ्हाइकानं विचारलं तर.

चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून आमची सासुरवाडी. तिथे पाऊस कधी येणार, मोबाईल का अडकतो, गाय का चारा खात नाही, सगळे प्रश्न प्रवीणला! एकदा तर माझ्याच दुकानातून नेलेली मोटार बंद पडली, तेव्हाही मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, फोन केला तो प्रवीणला. त्यानं तो मला जोडून दिला, ही गोष्ट वेगळी.

हेही मी गिळलं असतं. पण दिवाळीनंतर मंडई आली. आमच्याकडे दिवाळी झाली की प्रत्येक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं. दुकानं लागतात, दंडार म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं, आणि गावोगावचे जावई झाडून बोलावले जातात. मामाजींच्या गावात दंडारीच्या मंचाचा नारळ त्यांच्या घरचा मोठा जावई फोडतो. मोठा जावई म्हणजे मी. सासुरवाडीत माझ्या वाट्याला आलेला हा एकमेव मान!

मंडईच्या थोडे दिवस आधी मीना पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबा म्हनून राहिले, औंदा नारळ प्रवीण जवाईच्या हातानं फोडू. वाचनारा मानूस हाये म्हनते."

मी ताट सरकवलं. "आन मी कोन? मीबी वाचतो!"

"काय वाचता जी तुमी?"

"बरंच काई."

"लगनाच्या पत्रिका," मीना म्हणाली. "त्याबी जेवनाचा टाइम पाहाले."

दुसऱ्याच दिवशी मी बिरसी गाठलं. "प्रवीण, मले पुस्तकं दे. तू वाचतो तेच." त्याचे डोळे अक्षरशः पाणावले! "भाऊजी, तुमी वाचनार? लय चांगलं झालं!" त्यानं एक विज्ञानकथेचं, एक इतिहासाचं आणि एक प्रोग्रामिंगचं अशी तीन पुस्तकं काढून दिली आणि वर पिशवीभर घरचे तांदूळ. माणूस इतका चांगला वागला की मला त्याचा जास्तच राग येतो.

पुस्तकं दुकानात ठेवली, तर पहिलंच गिऱ्हाईक हसलं. "क्या सेठ, अब कंप्यूटर सीखोगे? इस उमर में?" तेव्हा मी जुनी कॅलेंडरं फाडून, कोरी बाजू वर ठेवून, तिन्ही पुस्तकांना एकसारखी कव्हरं घातली. नाव एकावरही टाकलं नाही. (असली हुशारी मला वेळेवर सुचते!)

त्यातली दोन पुस्तकं उघडली की पहिल्या पानावरच मला गुंगी यायची. तिसऱ्यानं मात्र मला धरून ठेवलं. एका राजाच्या मुलखात दुष्काळ पडतो. राजा दूरदेशाहून न बोलणारे, न झोपणारे उंचच उंच मजूर आणतो आणि ते डोंगराच्या पायथ्याशी भला मोठा तलाव खोदतात. मी म्हटलं, झालं, हाच इतिहास! इतिहास इतका रंगतदार असतो हे मास्तरांनी सांगितलं असतं तर मी त्यात नापास कशाला झालो असतो? अर्ध्यापर्यंत वाचलं आणि बाकीचं पाहुणचारात वाचू म्हणून ठेवून दिलं.

मंडईच्या सकाळी मी ते पुस्तक पिशवीत टाकलं, आणि जोडीला वजन दिसावं म्हणून आणखी एक. मामाजींच्या अंगणात पाहुण्यांचा चहा चालला होता. मामाजींनी नेहमीप्रमाणे माझ्यावरून नजर फिरवली आणि ती प्रवीणवर थांबवली.

"प्रवीण जवाई, हा आपला गावतलाव कोनं खोदला असन जी?"

"नक्की नाई मालूम, मामाजी. वाचून सांगतो."

"मले मालूम हाये!" मी ओरडलो. चहा सांडला. पण पहिल्यांदाच अख्खं अंगण माझ्याकडे वळलं.

मग मी जो सुटलो! राजा, दुष्काळ, मुके मजूर, सगळं सांगितलं. राजाला आवाज दिला, मजुरांना चाल दिली. बायका स्वयंपाक सोडून दारात आल्या. सोमा बुढा म्हणून गावातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांनी विचारलं, "पन ते मजूर आले कोठून, बापू?"

तिथपर्यंत माझं वाचन झालं नव्हतं. मी ऐटीत पुस्तक काढलं, पुढची पानं उलटली आणि खड्या आवाजात वाचलं, "त्यांचं यान पश्चिमेच्या डोंगरामागे उतरलं."

सोमा बुढ्यानं कान पुढे केला.

"यान म्हंजे?" मामाजी.

"म्हंजे... गाडी."

"बैलाची?"

"मोठी!" मी म्हणालो.

तेवढ्यात सोमा बुढ्यानं मांडीवर थाप मारली. "खरं हाये! त्या डोंगरामांग एका जागी गवतच उगवत नाई! माझा आजा सांगे, तेथं काईतरी उतरलं व्हतं!"

प्रवीण माझ्या कानाशी आला. "भाऊजी, थे विज्ञानकथा हाये. इतिहासाचं पुस्तक दुसरं."

हळूच सांगितलं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटलं, जळतो आहे! मान मला मिळतो आहे ना! तरी सावधपणा म्हणून मी दुसरं पुस्तक काढलं. ते इतिहासाचंच असणार असं धरून मधूनच उघडलं आणि सुरू केलं, "अट खरी असेल तर पुढची आज्ञा पाळा. अट खोटी असेल तर परत सुरुवातीला जा."

"राजाचा हुकूम व्हय!" मामाजी ताठ बसले.

"जोपर्यंत अट खरी आहे, तोपर्यंत हेच काम पुन्हा पुन्हा करत राहा."

"पाहा! अशी शिस्त व्हती म्हनून तलाव झाला! आता रोजगार हमीत कोनी आयकते का?"

पुढच्या ओळीत 'संगणक' असा शब्द दिसला आणि मी पुस्तक मिटलं. पण काम झालं होतं. मामाजींनी भर अंगणात सांगून टाकलं, "नारळ मोठा जवाईच फोडन!"

दुपारपर्यंत ही बातमी मंडईभर झाली. जिलेबीच्या दुकानावर मला कोणी पैसे देऊ देईना. पोरंसोरं डोंगरामागे फोटो काढायला पळाली. लोकांच्या बोलण्यात यानाला आता दिवेही लागले होते. कहर म्हणजे मामाजींनी रंगाऱ्याला बोलावून घेतलं. तलावावर पाटी लावायची, त्यावर हा सगळा इतिहास, आणि खाली 'शोध लावणारे' म्हणून माझं नाव! मला जिलेबी गोड लागेना. नारळ तर हवा होता, पण त्या पाटीखालून जन्मभर मान खाली घालून जावं लागलं असतं.

मंचाच्या अगदी पायथ्याशी पहिली खुर्ची माझी, दुसरी प्रवीणची. माझं नाव पुकारलं, मी मंचावर चढलो. एका हातात नारळ, दुसऱ्यात माईक. "दोन शब्द सांगा जी इतिहासावर!" समोर शाळेचे गुरुजी पेन उघडून बसलेले. रंगारी डबा घेऊन उभा. आणि प्रवीण? तो सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. मनापासून! ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात एक नामी युक्ती आली.

"थे पुस्तक माझं नोहोय!" मी माईकवर म्हणालो. "प्रवीणचं हाये. खरं का खोटं, थे त्यालेच विचारा!"

त्याला मंचावर ओढून घेतलं आणि नारळ, माईक त्याच्या हातात कोंबून मी खाली येऊन बसलो. आता होऊ दे फजिती! बघू दे सासऱ्यांना, त्यांचा वाचणारा जवाई कसा त-त-प-प करतो ते!

प्रवीणनं घसा साफ केला आणि सरळ सांगितलं, "ही बनवलेली गोष्ट हाये. आन हुकूम राजाचा नोहोय, संगणकाले द्याचा हाये. तलाव आपल्याच बापजाद्यायनं खोदला असन. थे शोधून पुढच्या मंडईले सांगतो. पन भाऊजींनी सांगितलं तसं मलेबी सांगता येत नाई. नारळ त्यायलेच फोडू द्या."

मला वाटलं, आता लोक चिडतील. छे! सोमा बुढा उठून उभा राहिला. "लबाड गोष्ट एवढी भारी, तं खरी केवढी असन!" टाळ्यांनी मंडप हलला. मामाजींनी डोळे पुसले. "आन मन पाहा त्याचं! नाई जी प्रवीण जवाई, नारळ तुमीच फोडा!"

मंचाच्या कडेला दगड मांडला होता, माझ्या गुडघ्याला लागून. प्रवीणनं हात उंच नेला आणि एका फटक्यात नारळ फोडला. सगळं पाणी माझ्या तोंडावर!

मागच्या रांगेतून मीनानं वाकून पाहिलं. "अजी, रडून कायले राहिले?"

"रडत नाई, नारळाचं पानी हाये थे!" मी म्हणालो.

(अर्धं तरी होतंच.)