घरी विचारून सांगते

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायचे, तेव्हा माझ्या शेजारच्या वर्गात गृहशास्त्राच्या बाई शिकवत. आमच्या वर्गांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. दर आठवड्याला एक मुलगी स्वयंपाकाची प्रमुख व्हायची. काय रांधायचं, शेगडी कुणी पेटवायची, सगळं तिनेच ठरवायचं. एखादी चुकून "घरी विचारून सांगते" म्हणाली की बाई पळी टेबलावर आपटत.

"कुणाला विचारून? करपलं तर तुझं, जमलं तर तुझं."

बोलताना त्या पदराने चष्मा पुसत राहायच्या. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि धाकही.

मग मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. संस्थेचे चिटणीस थेट त्यांच्या वर्गात आले. मी दारातच होते. मुलींसमोर ते म्हणाले, "बाई, ही जबाबदारी तुम्हीच घ्या."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"घरी विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्यानंतरच्या सोमवारी नव्या प्रमुख मुलीला बाईंनी विचारलं, "आज काय करायचं गं?"

"घरी विचारून सांगते, बाई."

भिंतीच्या अलीकडे मी खडू हातात धरून पळीच्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही.